पाठीवरचा माल

गेल्या वर्षी आषाढ सरता सरता दुकानाच्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि उजव्या घोट्याचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर आणि त्यानंतर आणखी दीड महिना पायावर पूर्ण भार द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. नगरच्या आडते बाजारात तीस वर्षे भुसार मालाचे दुकान चालवणाऱ्या माणसाला घरी बसणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पहिले आठ दिवस मी दर तासाला दुकानात फोन करीत असे. नवव्या दिवशी मुनीमजींनी अत्यंत अदबीने सांगितले, "शेठजी, आपण विश्रांती घ्यावी. आपला फोन उचलायलाच एक माणूस अडकून पडतो."

त्या दिवसापासून मी खरोखरच रिकामा झालो. वर्तमानपत्र दहा वाजेपर्यंत संपे. दूरदर्शनवरील चर्चांचा वीट आला होता. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले की पुढची संध्याकाळ अंगावर येई. अशाच एका संध्याकाळी माझी नजर कपाटाच्या वर ठेवलेल्या एका खोक्यावर गेली. त्या खोक्यात आमच्या चिरंजीवांचे खेळाचे यंत्र होते. तीन वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. ते तेथे का गेले, हे सांगितल्यावाचून पुढची हकीकत पुरी होणार नाही.

2021 सालच्या दिवाळीतील गोष्ट. वहीपूजनाची आदली रात्र होती. दुकानात गर्दी, हिशेबाची घाई आणि दोन माणसे गैरहजर. मी मुलाला दुकानात ये म्हणून तीनदा निरोप पाठवला होता. तो आला नाही. रात्री दहा वाजता घरी आलो तर हा दिवाणखान्यात दिवा न लावता पडद्यासमोर बसलेला. पडद्यावर एक माणूस पाठीवर त्याच्या उंचीपेक्षा मोठे ओझे घेऊन बर्फाचा डोंगर चढत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "खऱ्या दुकानातले पोते तुला उचलवत नाही, आणि खोट्या डोंगरावर खोटी ओझी वाहतोस?" एवढे बोलून मी भिंतीतील प्लग उपसून काढला.

तो एक शब्दही बोलला नाही. त्याने शांतपणे वायर गुंडाळली, यंत्र खोक्यात ठेवले आणि खोके कपाटावर चढवले. पुढच्या जूनमध्ये तो नोकरीसाठी बंगळूरला गेला. आमचे बोलणे बंद झाले असे नाही. दर रविवारी फोन होई. तब्येत, पाऊस, तूरडाळीचा भाव. या तीन विषयांपलीकडे आम्ही कधी गेलो नाही.

यंत्र जोडून देण्याचे काम आमच्या धाकट्या कन्येने केले. पडद्यावर भावाचा अर्धवट खेळ जसाच्या तसा उघडला. तोच बर्फाचा डोंगर, तोच पाठमोरा माणूस, पाठीवर तेच ओझे. तीन वर्षे तो तेथेच उभा होता. कन्या म्हणाली, "पप्पा, येथूनच पुढे खेळायचे का?" मी नको म्हणालो. दुसऱ्याच्या वहीत आपण लिहीत नाही. तिने माझ्यासाठी नवा खेळ पहिल्यापासून सुरू करून दिला, सर्वांत सोपी पातळी निवडून दिली आणि "कंटाळलात तर हाक मारा" असे सांगून ती अभ्यासाला निघून गेली.

या खेळाचे नाव 'डेथ स्ट्रँडिंग'. तो बनवणारे हिदेओ कोजिमा हे जपानी गृहस्थ या क्षेत्रात फार नावाजलेले आहेत. 2015 साली एका मोठ्या कंपनीतून बाहेर पडून त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि तिचा हा पहिला खेळ 8 नोव्हेंबर 2019 रोजी बाजारात आला. 'स्ट्रँड' या इंग्रजी शब्दाला दोन अर्थ आहेत: एक दोराचा पीळ, आणि दुसरा किनाऱ्याला लागून अडकून पडणे. खेळ या दोन्ही अर्थांवर उभा आहे. कथा अमेरिकेतील आहे. एका महासंकटाने जिवंतांचे आणि मृतांचे जग यांतील सीमा पुसली गेली आहे. मृत परत येतात, आणि जिवंत माणसे जमिनीखालच्या शहरांत व एकाकी तळघरांत दडून बसली आहेत. पाऊस असा पडतो की त्याचा थेंब ज्यावर पडेल ते क्षणात जुने होते. त्वचेला सुरकुत्या पडतात, लोखंड गंजते. अशा देशात सॅम पोर्टर ब्रिजेस नावाचा एक हमाल पूर्वेकडून पश्चिमेकडे पायी निघतो. लोकांचा माल पोहोचवायचा आणि तुटलेली शहरे एका जाळ्यात पुन्हा जोडायची, एवढेच त्याचे काम. हा नायक सैनिकही नाही आणि राजपुत्रही नाही. 'पोर्टर' म्हणजे सरळ हमाल. हे कळले तेव्हा मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

खेळाच्या मुळाशी असलेली कल्पना कोजिमा यांनी आबे कोबो या जपानी लेखकाच्या एका कथेतून घेतली आहे. माणसाच्या पहिल्या हत्यारांत काठी आणि दोर ही दोन होती: नको ते दूर सारण्यासाठी काठी आणि हवे ते जवळ बांधून ठेवण्यासाठी दोर. बहुतेक खेळ काठीचे असतात, हा दोराचा आहे. हे वाचले आणि मला आमचे बाबूजी आठवले. "आपले पूर्वज लोटा-दोर घेऊन मारवाडातून निघाले," हे वाक्य त्यांनी आम्हाला किती वेळा ऐकवले असेल! लोटा तहानेसाठी आणि दोर परक्या मुलखातील विहिरीसाठी. आमचे आजोबा पाठीवर कापडाचे गाठोडे घेऊन आठवडे बाजार करीत. पाथर्डी, शेवगाव, नेवासे, पायी किंवा बैलगाडीने. त्यांच्या पुढच्या पिढीने दुकान थाटले, माझ्या पिढीने गोदाम बांधले आणि पाठीवरचे ओझे हमालांच्या पाठीवर गेले. सॅमला पाहताना मला प्रथमच वाटले, आजोबांची चाल अशीच असेल.

पहिले दोन दिवस मी चाळीस पावलांहून अधिक चाललो नाही. सॅम सारखा कोलमडे. या खेळात ओझे नुसते आकड्यात नसते. ते पाठीवर रचलेले दिसते, उंच रचले की झोक जातो, उतारावर वेग आवरत नाही, ओढ्याच्या पाण्यात पाय निसटतात आणि माल वाहून जातो. हातातील यंत्राच्या मागे दोन बटणे आहेत. ती दाबून ठेवली की सॅम पाठीवरचे पट्टे घट्ट धरतो आणि तोल सावरतो. आमच्या गोदामात एक वृद्ध हमाल होते, आम्ही सर्व त्यांना मामा म्हणत असू. पोती तेव्हा शंभर किलोची असत. आता पन्नासची झाली. मी विशीत असताना हौसेने एक पोते पाठीवर घेतले आणि चौथ्या पावलाला खाली बसलो. मामा हसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, वजन पाठीवर नसतंय, पायात असतंय. पुढचं पाऊल ठरल्याबिगर मागचं उचलू नका." पस्तीस वर्षांनी, पाय प्लास्टरमध्ये असताना, त्यांचे ते वाक्य मला एका खोट्या डोंगरावर उपयोगी पडले. माथाडी कायदा 1969 सालचा आहे. हमालांची मजुरी, लेव्ही, वाराई यांवर मी बाजाराच्या बैठकांत पुष्कळ बोललो आहे. पण चढावर पाय टाकताना माणसाचे लक्ष नेमके कोठे असते, याचा विचार मी कधी केला नव्हता.

आणखी एक गोष्ट मी उशिरा शिकलो. सुरुवातीला मिळेल ते सारे मी पाठीवर घ्यायचो: एक शिडी असेल तर चार शिड्या, वाटेत सापडलेला माल, लागलेच तर असू द्यावेत म्हणून दोन जोडी जादा बूट. परिणामी दर दहा पावलांना धापा. पुढे एका रात्री सगळे उतरवून फक्त एक शिडी, एक दोर आणि पोहोचवायचा माल एवढेच घेऊन निघालो आणि तो डोंगर अर्ध्या वेळात पार झाला. या खेळातील चोरसुद्धा असेच आहेत. ते पूर्वी हमालच होते. माल वाहता वाहता त्यांना मालाचेच व्यसन जडले. आता दुसऱ्याचा माल हिसकावून तळावर रचून ठेवतात, विकत नाहीत, वापरत नाहीत. त्यांना 'म्यूल' म्हणजे खेचर असे नाव आहे. त्यांचे ते रचलेले ढीग पाहून मला आमच्या गोदामातील एका कोपऱ्याची आठवण झाली. भाव चढेल या आशेने ठेवलेला, पोरकिडा लागलेला मागच्या हंगामाचा हरभरा तेथे अजून पडलेला होता.

आपल्या घरांतील आई-वडिलांना अशा खेळांविषयी पहिली शंका येते ती मारामारीची. ती रास्त आहे. या खेळातही बंदुका आहेत. परंतु त्याची रचनाच अशी आहे की माणूस मारणे परवडत नाही. मृतदेह वेळेत दहन केला नाही तर त्यातून असा स्फोट होतो की त्या जागी प्रचंड खड्डा उरतो. म्हणून चोर अंगावर आले तरी शहाणा खेळाडू त्यांना दोराने बांधतो आणि निघून जातो. मी अखेरपर्यंत तेच केले. सॅमची शक्ती भरून काढण्यासाठी किड्यासारखा एक लहान जीव पकडून खाण्याची सोय आहे. ते बटण मी एकदाही दाबले नाही. कन्या हसली. म्हणाली, "पप्पा, तो किडा खरा नाही." मी म्हणालो, "बोट तर माझे खरे आहे." तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर सर्वच माझ्या हाती नव्हते. खेळात तीन ठिकाणी सॅम जुन्या महायुद्धांच्या आणि व्हिएतनामच्या रणांगणात खेचला जातो आणि तेथे गोळी झाडल्याशिवाय सुटका नाही. समोरचे सैनिक आधीच मेलेले आहेत, असे कथा सांगते. तरी त्या तिन्ही दिवशी खेळ बंद करून मी बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो होतो.

खेळाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. अमेरिकेची शेवटची राष्ट्राध्यक्ष ही सॅमला वाढवणारी आई. ती वारते. देह शहरात ठेवता येत नाही, तो तातडीने दूरच्या डोंगरातील दहनगृहात पोहोचवायला हवा. ते काम सॅमवर येते. वस्त्रात गुंडाळलेली आई पाठीवर बांधून तो निघतो. वाटेत कोणी नाही. वाऱ्याचा आवाज आणि त्याचा श्वास. ठेच लागली, तोल गेला, तर ती खाली पडेल.

आमच्या आईला आम्ही बाई म्हणत असू. बाई एप्रिल 2021 मध्ये गेल्या. ते दिवस आपणा सर्वांच्या घरांनी पाहिले आहेत. रुग्णालयातून त्यांचा देह परस्पर गाडीतून नेण्यात आला. मी आणि मुलगा मोटारीने मागोमाग गेलो. आम्हाला फाटकाबाहेर उभे करण्यात आले. रांगेत किती गाड्या होत्या ते मी मोजले नाही. ज्या आईने मला कडेवर घेऊन त्या आजोबांच्या दुकानाची पायरी चढवली, तिला मला खांदा देता आला नाही. आतून एका माणसाने हात हलवून 'झाले' अशी खूण केली, तेवढेच. घरी आलो, स्नान केले. त्याविषयी मी कोणाशी बोललो नाही. बोलण्यासारखे त्यात काय होते? शहरात त्या आठवड्यात अनेकांचे तसेच झाले होते.

सॅमच्या आईला घेऊन निघालो तेव्हा मी दोन्ही बटणे इतकी घट्ट धरली होती की बोटे दुखू लागली. सपाट वाट शोधीत मी लांबून गेलो. एकदाही तोल जाऊ दिला नाही. दहनगृहात पोहोचल्यावर आपोआप पुढचे दृश्य सुरू होते. खेळाडूला काहीच करावे लागत नाही. मी यंत्र मांडीवर ठेवले. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून आल्या आणि पडद्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पाय फार दुखतोय का?" मी हो म्हणालो.

त्यानंतर हा खेळ माझ्या दृष्टीने वेळ घालवण्याचे साधन राहिला नाही.

श्रावणात मी दुपारचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास नेमून घेतले. सॅमच्या छातीवर एका काचेच्या कुपीत एक अर्भक असते. अदृश्य मृतांची चाहूल त्यालाच लागते, म्हणून ते बरोबर न्यायचे. सॅम पडला की ते रडते, आणि हे रडणे हातातील यंत्रातून ऐकू येते. यंत्र पाळण्यासारखे हलकेच झुलवले की शांत होते. शेजारच्या वहिनी एकदा विचारायला आल्या, "घरात बाळ कोणाचे आले आहे?" पन्नाशी ओलांडलेला, एक पाय उशीवर ठेवलेला व्यापारी दोन हातांत काळे यंत्र झुलवीत बसला आहे, हे दृश्य त्यांनी पाहिले. पुढे ते सगळ्या गल्लीत पोहोचले.

व्यापारी म्हणून मला सर्वांत रस वाटला तो या जगातील पत या गोष्टीत. तळघरांतील माणसे प्रथम सॅमला आत घेत नाहीत, जाळ्यात सामील व्हायला नकार देतात. तुम्ही त्यांचा माल वेळेवर, न फोडता, न भिजवता आणून दिला की विश्वास थोडा वाढतो. पुन्हा आणला की आणखी. एक पदार्थ तर आडवाच धरून न्यावा लागतो, उभा केला की बिघडतो. तो पिझ्झा आहे. मोबदला पैशांत नाही, पसंतीच्या खुणांत मिळतो. आमच्या बाजारातही एके काळी चिठ्ठीवर लाखाचा माल जात असे, आणि त्या चिठ्ठीमागे वीस वर्षांच्या अशाच फेऱ्या असत. एका प्रसंगी मालाऐवजी एक स्त्रीच पाठीवर घेऊन डोंगरापलीकडे तिच्या ताटातूट झालेल्या प्रियकराकडे पोहोचवायची असते. तो माणूस भंगार गोळा करणारा. दोघे समोरासमोर येतात तेव्हा कोणालाच धड बोलता येत नाही.

दुसरी विलक्षण गोष्ट अशी. हा खेळ एकट्याने खेळायचा. दुसरा कोणी दिसत नाही. पण एखादा प्रदेश जाळ्यात जोडला की इतर अनोळखी खेळाडूंनी आपापल्या प्रवासात ठेवलेल्या वस्तू तुमच्या जगात उगवतात. जेथे मी तीनदा ओढ्यात वाहून गेलो, तेथे चौथ्या वेळी कोणाची तरी शिडी आडवी टाकलेली होती. कड्यावर कोणी दोर सोडून गेला होता. रस्ते तर एकट्याने बांधता येणे फार कठीण. जो तो जाता जाता थोडा धातू, थोडे साहित्य टाकतो आणि एके दिवशी रस्ता तयार असतो. शिडी कोणाची हे लहानशा अक्षरांत दिसते, आभाराची एक खूण पाठवता येते, एवढाच परिचय. जपानी, ब्राझिली, कोण असतील ते असोत. पूर्वीच्या वाटांवर पाणपोई आणि धर्मशाळा बांधणाऱ्या व्यापाऱ्यांना तेथे कोण पाणी पिईल हे ठाऊक नसे. मीही पुढे निघालो की मागे एक दोर सोडू लागलो. एका सकाळी कळले की माझ्या एका पुलावरून रात्रीत बरेच जण गेले. त्या दिवशी नाश्त्याला मी सौभाग्यवतींना ही बातमी अशी सांगितली की जणू गोदामाला तिसरा मजला चढला आहे.

हा खेळ बाजारात आल्यानंतर चारच महिन्यांनी जगभर माणसे खरोखरच घरांत कोंडली गेली. टाळेबंदीत आमचे दुकान अत्यावश्यक म्हणून ठरावीक वेळ उघडे असे. मुलगा तेव्हा स्कूटरवरून वृद्ध गिऱ्हाइकांच्या दारात किराणा ठेवून येई. घंटी वाजवायची, पिशवी ठेवायची, दूर उभे राहायचे. दोन महिने त्याने ते काम केले. 'पोते उचलवत नाही' हे वाक्य मी ज्याला ऐकवले, तो हा मुलगा. हे मला दिवाळीच्या त्या रात्री आठवले नव्हते. खेळातील एका तळघराच्या दारात माल ठेवताना आठवले.

पश्चिमेच्या टोकाला मी भाद्रपदात पोहोचलो. मला वाटले संपले. पण कथा तेथून सॅमला पुन्हा पूर्वेकडे परत धाडते. जोडलेला सारा देश उलट ओलांडायचा. त्या परतीच्या वाटेत प्रत्येक ओढा ओळखीचा होता. बर्फाच्या डोंगरावर एका खिंडीत मी थांबलो. समोरची कड, उजवीकडचा कातळ... ही जागा मी पाहिली होती. मुलाचा सॅम येथेच उभा होता. येथून मुक्कामाचे शहर थोडेसेच पुढे होते. मी प्लग उपसला तेव्हा तो जवळजवळ पोहोचला होता.

शेवटाविषयी थोडेच सांगतो. सॅम त्या अर्भकाशी जोडला गेला की त्याला काही आठवणी दिसत: एक माणूस काचेवर वाकून आत पाहतो आहे, बाळाशी बोलतो आहे. सॅम समजतो, त्या बाळाच्या आठवणी आहेत. त्या तीन रणांगणांत जो सेनानी "माझे बाळ मला परत द्या" म्हणत त्याच्या मागे लागतो, तो हाच माणूस. अखेरीस उलगडते की त्या आठवणी सॅमच्याच आहेत. काचेआडचे मूल तोच होता, आणि ज्याच्यावर आपण तीनदा गोळ्या झाडल्या तो त्याचा बाप होता. मुलाला घेऊन पळताना मारला गेलेला. बाप सारखा काचेपाशी येऊन बोलत होता. मुलाला त्याचे तोंड दिसत होते, शब्दही ऐकू येत होते. पण हे आपल्यासाठी आहे हे कळायला आयुष्य गेले.

मग शेवटचा प्रवास, पुन्हा त्याच दहनगृहाकडे. या वेळी पाठीवर आई नाही. छातीवरच्या कुपीतील ते निपचित अर्भक आहे. हुकूम आहे त्याला अग्नी देण्याचा. सॅम हुकूम मानत नाही. कुपी उघडतो, बाळाला बाहेर काढून छातीशी धरतो. ज्याला कोणाचा स्पर्श सहन होत नसे, तो हा माणूस. बाळ श्वास घेते. बाहेर पाऊस असतो, पण आता त्याने काही जुने होत नाही.

नामावली फार लांबलचक आहे. मी ती सबंध पाहिली. एकूण ब्याण्णव तास झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीने यंत्र हातात घेतले आणि ठेवून दिले. जायचे कोठे, हेच उरले नव्हते.

कोणी विचारील, ब्याण्णव तास सत्कारणी लागले का? हिशेब स्पष्ट मांडतो. खेळात दोष आहेत. पात्रे अर्धा अर्धा तास बोलतात, नावे गोंधळात टाकतात, आणि मध्येच एका पेयाची जाहिरात घुसते. पाय धड असता तर मी हा खेळ कधीच खेळलो नसतो, आणि विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या दिवसांत तो उघडू नये, असेच मी म्हणेन. मुलांवर लक्ष ठेवू नये, असेही मी म्हणत नाही. परंतु मूल पडद्यात काय पाहते आहे हे एकदा शेजारी बसून पाहावे, आणि मगच प्लगला हात घालावा, एवढे मात्र मी आता म्हणू शकतो. मी पाहिले नव्हते.

दिवाळीला मुलगा आला. फोनवर मी त्याला काहीच सांगितले नव्हते. यंत्र दूरदर्शनला जोडलेले पाहून तो थबकला. मी म्हणालो, "तुझा माल खिंडीत पडला आहे. शहर जवळच आहे." तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पप्पा, तुम्ही खेळलात?"

"पुरा केला."

तो खाली बसला, यंत्र हातात घेतले, थोडा वेळ फिरवत राहिला. पडद्याकडे पाहतच त्याने विचारले, "आईला पोहोचवायचे असते, तो भागही?"

"हो."

"मी तो दोनदा खेळलो होतो," तो म्हणाला. "आजी गेल्यानंतर. पहिल्या वेळी पाय घसरला होता."

मला काही बोलता आले नाही. तीन वर्षांपूर्वी जे बोललो ते शब्द परत घ्यावेत असे फार वाटत होते. ते कसे म्हणावे हे सुचेना. शेवटी म्हणालो, "त्या रात्री मी चुकलो." तो म्हणाला, "दुकानात यायला हवे होते मी." एवढेच बोलणे झाले.

मग त्याने खेळ उघडला. बर्फात उभा असलेला माणूस हलला. पाठीवरचे पट्टे त्याने घट्ट धरले आणि खिंड उतरू लागला. मी शेजारी बसून होतो. एका उताराशी त्याचा तोल जाऊ लागला तेव्हा माझीही बोटे आपोआप आवळली गेली. सौभाग्यवतींनी वहीपूजनाची वेळ झाली म्हणून आतून हाक दिली.

"पाच मिनिटे," मी म्हणालो. "एवढा माल पोहोचवतो आणि येतो."